मेहनतीला गुण द्यायचे का? एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीची मुलं असतील, तर भाषेचं मूल्यमापन कसं करायचं?

1 मे. झेंडावंदन झालं की महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये निकाल वाटला जातो. समजा, भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीची दोन मुलं निकाल घेऊन घरी निघाली आहेत. ही मुलं फक्त उदाहरणापुरती आहेत, पण अशी जोडी जवळपास प्रत्येक वर्गात सापडते.

मुलीच्या घरी मराठी बोलतात, वर्तमानपत्र येतं, मोठी बहीण अभ्यास घेते. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हाच ती धडा घडाघडा वाचत होती. मराठीत तिला 'अ-2' श्रेणी मिळाली. मुलाच्या घरी पोवारी बोलतात. जूनमध्ये त्याला अक्षरं ओळखता येत होती, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. एप्रिलमध्ये तो छोटा परिच्छेद स्वतः वाचतो आणि चार वाक्यं स्वतःच्या मनाने लिहितो. त्याला मिळाली 'क-2'.

वर्षभरात जास्त कोण शिकलं, याचं उत्तर वर्गशिक्षकांना माहीत आहे. प्रगतीपत्रकावर मात्र ते दिसत नाही. घरी गेल्यावर मुलगीला शाबासकी मिळेल आणि मुलाला 'पोराचं डोकं चालत नाही' असं ऐकावं लागेल.

मग मेहनतीला आणि सुधारणेला वेगळे गुण द्यावेत का? प्रश्न सोपा वाटतो, पण जगभरातले शिक्षक त्यावर अडखळतात. महाराष्ट्रात याबद्दल नियम आहेत, प्रयोग झाले आहेत आणि एकदा दहावीच्या निकालात मोठी उलथापालथही झाली आहे. सगळं नीट समजून घेऊया.

भंडाऱ्यात हा प्रश्न जास्त का जाणवतो?

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर. शाळेची भाषा मराठी आहे, पण घराघरांतली भाषा एकच नाही. हा भाग झाडीपट्टीचा. इथल्या अनेक गावांत झाडीबोली बोलली जाते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, त्यामुळे तिला साहित्यात आणि संशोधनात स्वतःची ओळख मिळाली. तुमसर-मोहाडीकडे पोवार समाजाची पोवारी ऐकू येते. मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा शेजारी असल्याने त्या पट्ट्यात हिंदीचाही वावर आहे. काही गावांत गोंडी आहे.

त्यामुळे पहिलीच्या वर्गात 'मराठी' हा विषय काही मुलांसाठी घरचीच भाषा असते, काहींसाठी घरच्या भाषेची जवळची बहीण, तर काहींसाठी बरीच परकी. शर्यत एकच, पण सुरुवातीची रेषा प्रत्येकाची वेगळी.

दुसरं कारण शाळेच्या आकाराचं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावात पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. शिक्षकांच्या भाषेत याला 'बहुवर्ग अध्यापन' म्हणतात. तिथे पातळीतला फरक आणखी वाढतो.

हे फक्त एका जिल्ह्याचं चित्र नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या 'असर' पाहणीनुसार, 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 50.5 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. कोरोनानंतर, 2022 मध्ये, हे प्रमाण 42.8 टक्क्यांवर आलं. थोडक्यात, पाचवीच्या वर्गात उभं राहिलेल्या शिक्षकासमोर पाचवी, तिसरी आणि पहिलीच्या पातळीची मुलं एकाच वेळी बसलेली असतात.

नियम काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलांचं आकलन सतत आणि सर्व बाजूंनी तपासावं, अशी त्यात तरतूद आहे. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 रोजी निर्णय काढून 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' पद्धत आणली. पहिली ते आठवीच्या पालकांना जे प्रगतीपत्रक मिळू लागलं, त्याचा पाया हाच.

या पद्धतीचे दोन भाग आहेत. 'आकारिक मूल्यमापन' वर्षभर चालतं. त्यासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली आहेत. 'संकलित मूल्यमापन' सत्राच्या शेवटी होतं. सोप्या भाषेत, सत्र परीक्षा.

दोन्हींचा वाटा इयत्तेनुसार बदलतो:

पहिली-दुसरी: आकारिक 70 टक्के, संकलित 30 टक्के
तिसरी-चौथी: आकारिक 60, संकलित 40
पाचवी-सहावी: दोन्ही 50
सातवी-आठवी: आकारिक 40, संकलित 60

या गुणांवरून श्रेणी ठरते. 91 ते 100 टक्क्यांना अ-1, 81 ते 90 ला अ-2, मग ब-1, ब-2, क-1, 41 ते 50 ला क-2 आणि 33 ते 40 ला ड. त्याखाली इ-1 आणि इ-2. 'ड'च्या खाली राहिलेल्या मुलांना जादा मार्गदर्शन देऊन वर आणणं शाळेकडून अपेक्षित आहे.

श्रेणीसोबत आणखी एक गोष्ट असते, जिच्याकडे घरी फारसं कोणी पाहत नाही: वर्णनात्मक नोंदी. 'विशेष प्रगती', 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने असतात. म्हणजे मुलाची वाढ लिहायला जागा आहे. मग अडचण कुठे येते?

एका श्रेणीत तीन गोष्टी कोंबल्या की काय होतं?

भाषेच्या वर्गात शिक्षक तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतात.

पहिली, पातळी: मूल आज कुठे आहे? परिच्छेद वाचतं का, पत्र लिहितं का?
दुसरी, वाढ: जूनमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आलं?
तिसरी, प्रयत्न: काम कसं करतं? चुकलं तर पुन्हा करतं का, अडलं तर विचारतं का?

अमेरिकेतले मूल्यमापनाचे अभ्यासक थॉमस गस्की हीच विभागणी मांडतात: निष्पत्ती, प्रगती आणि प्रक्रिया. तिन्ही गोष्टी कळवा, पण वेगवेगळ्या कळवा, असा त्यांचा आग्रह आहे. कारण तिन्ही एका श्रेणीत मिसळल्या की त्या श्रेणीचा अर्थच कळेनासा होतो.

वरच्या उदाहरणाकडे परत जाऊ. सोयीसाठी फक्त 40 गुणांची एक चाचणी धरू. मुलीला जूनमध्ये 34 आणि एप्रिलमध्ये 35 गुण. मुलाला जूनमध्ये 6 आणि एप्रिलमध्ये 18.

पातळी पाहिली तर मुलगी 87.5 टक्के म्हणजे अ-2, मुलगा 45 टक्के म्हणजे क-2. वाढ पाहिली तर मुलगी 1 गुणाने पुढे, मुलगा 12 गुणांनी. आता शिक्षकांनी मुलाची मेहनत पाहून त्याला 'ब-1' दिली, तर तीन अडचणी उभ्या राहतात.

पालकांना वाटेल, मुलगा चौथीचं पुस्तक आरामात वाचतो. घरची मदत थांबेल.
पाचवीच्या शिक्षकांना वाटेल, याला वेगळं शिकवायची गरज नाही. जादा मार्गदर्शनाच्या यादीत त्याचं नाव येणार नाही.
आणि मुलाला स्वतःला काही महिन्यांतच कळेल की 'ब-1' मिळवलेल्या इतरांना जे येतं, ते त्याला येत नाही.

उलट, फक्त वाढीवर गुण दिले तर मुलीवर अन्याय होतो. तिच्याकडे वाढायला 40 पैकी 6 गुणच शिल्लक होते. शिवाय हुशार मुलं लगेच हिशेब करतात: पहिली चाचणी मुद्दाम वाईट दिली की सुधारणा मोठी दिसते.

म्हणून 'मेहनतीला गुण द्यायचे का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर असं आहे: मेहनत आणि वाढ नोंदवायची, कळवायची, तिचं कौतुकही करायचं. पण पातळीच्या श्रेणीत ती मिसळायची नाही.

दहावीच्या 20 गुणांनी काय शिकवलं?

लेखी परीक्षेबाहेरचे गुण किती नाजूक असतात, हे महाराष्ट्राने 2019 मध्ये पाहिलं. दहावीला भाषा विषयांमध्ये 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी परीक्षा असायची. शाळा हे 20 गुण सढळ हाताने देतात, अशी टीका होत होती. 2018-19 मध्ये ते बंद झाले आणि पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा आली.

राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो 77.10 टक्क्यांवर घसरला. भंडारा जिल्हा ज्या नागपूर विभागात येतो, त्या विभागाचा निकाल राज्यात सर्वांत कमी, 67.27 टक्के लागला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूपही नवीन होतं, त्यामुळे सगळं खापर 20 गुणांवर फोडता येत नाही. पण ओरड इतकी झाली की 2019-20 पासून हे गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला.

यात दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. बोलणं आणि ऐकणं हा भाषेचा अर्धा भाग आहे. तो न तपासता भाषेची परीक्षा पूर्ण होत नाही. पण हे गुण कशासाठी दिले हे कोणालाच सांगता येत नसेल, तर लोक त्यांना 'फुकटचे गुण' म्हणणारच. तोंडी परीक्षा वाईट नव्हती. निकष स्पष्ट नव्हते, म्हणून तिच्यावरचा विश्वास गेला. मेहनतीच्या गुणांचंही नेमकं हेच होतं.

वाढ मोजायची कशी?

वाढ मोजायची तर सुरुवातीची खूण हवी. 'प्रथम'ने यासाठी अगदी साधं साधन वापरलं. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट वाचायला द्यायची. मूल जिथपर्यंत सहज पोहोचतं, ती त्याची पातळी. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. याच विचारातून इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत पुढे आली. मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' उपक्रम झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत त्याचा अभ्यास केला आणि मुलांची प्रगती झाल्याचं दाखवलं. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हे दोघं.

शासकीय पातळीवरही सुरुवातीची खूण घेतली जाते. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत चाचणी आली. अलीकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांमध्ये पायाभूत, संकलित-1 आणि संकलित-2 असे तीन टप्पे आहेत. विषय आहेत प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी.

इथे एक सावधगिरी हवी. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते आणि संकलित चाचणी चालू इयत्तेच्या. त्यामुळे 'जूनमध्ये 50 टक्के, एप्रिलमध्येही 50 टक्के, म्हणजे पोर जागच्या जागी' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. प्रश्न अवघड झाले आणि टक्के तेवढेच राहिले, तर मूल पुढेच गेलेलं असतं. खरी वाढ पाहायची तर त्याच प्रकारचं काम दोनदा करून घ्यावं. जूनमध्ये 'माझं गाव' या विषयावर लिहिलेली चार ओळींची वही जपून ठेवायची आणि मार्चमध्ये त्याच विषयावर पुन्हा लिहायला लावायचं. दोन पानं शेजारी ठेवली की वेगळा पुरावा लागत नाही.

मेहनत कशाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शांत बसणारं मूल मेहनती वाटतं. सुंदर अक्षर असलेलं मूल मेहनती वाटतं. रंगीत कागद लावून छान प्रकल्प आणणारं मूल तर नक्कीच मेहनती वाटतं. पण शांतपणा हा स्वभाव असतो, अक्षर ही सवय असते आणि रंगीत कागदाला घरून पैसे लागतात.

हजेरीचंही तसंच. पावसाळ्यात भंडाऱ्यात धानाची रोवणी सुरू झाली की अनेक घरांत मोठ्या मुलींवर धाकट्या भावंडांची जबाबदारी येते. त्या आठवड्यातल्या गैरहजेरीला 'आळस' म्हणून मोजलं, तर मुलीच्या कष्टाचीच शिक्षा तिला मिळते. हजेरी वेगळी नोंदवावी आणि गैरहजेरीचं कारण शोधावं. ती भाषेच्या गुणांत आणू नये.

मग मेहनत म्हणून काय पाहायचं? जे डोळ्यांना दिसतं आणि वहीत सापडतं ते:

शिक्षकांनी खूण केलेली चूक मुलाने स्वतः दुरुस्त केली का?
निबंध एकदा तपासल्यावर पुन्हा लिहिला का, आणि दुसऱ्या वेळी काय बदललं?
वाचनपेटीतलं पुस्तक घेतलं, तर त्यातली गोष्ट सांगता येते का?
अडलेला शब्द सोडून दिला, की कोणाला विचारला?

असे तीन-चार निकष वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावले तर मुलांनाही कळतं की मेहनत म्हणजे काय. मग शिक्षकाची मर्जी आणि मुलाचं काम यातला फरकही स्पष्ट राहतो.

बोलीत बोललं तर गुण कापायचे?

झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'श'च्या जागी 'स' येतो. घरी 'पानी' आणि 'सेत' म्हणणारं मूल शाळेतही तसंच म्हणणार. ही चूक आहे का?

तपासायचं काय आहे, यावर उत्तर ठरतं. मुलाने गावात पाहिलेल्या दंडारीची गोष्ट वर्गात सांगितली, तर तिथे प्रसंग ओळीने आले का, ऐकणाऱ्याला समजलं का, शब्द नेमके आहेत का, हे तपासायचं. 'पानी' म्हटलं म्हणून तिथे गुण कापण्यात अर्थ नाही. पण पत्रलेखन शिकवलं असेल आणि प्रमाण मराठीत लिहिणं हेच उद्दिष्ट असेल, तर 'पाणी' लिहिणं अपेक्षित आहे. ते मुलाला आधी सांगितलेलं आणि शिकवलेलं असलं पाहिजे.

म्हणजे नियम एकच: जे शिकवलं तेच तपासायचं, आणि आशयाचे गुण वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे. एकाच लाल रेघेने दोन्ही कापले की बोलीतलं मूल बोलायचंच थांबतं. मग भाषेच्या वर्गात त्याची वाढ होणार कुठून?

हीच अडचण मराठी विषयात उलट बाजूनेही दिसली. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी आणि पहिल्यांदाच मराठी शिकणारी मुलं एकत्र आली. कोरोनाकाळात शिकणं मागे पडल्याने शासनाने एप्रिल 2023 मध्ये इतर मंडळांच्या शाळांमधल्या त्या वेळच्या आठवीच्या तुकडीला दहावीपर्यंत सवलत दिली: मराठीचं मूल्यमापन फक्त अ, ब, क, ड श्रेणीत करायचं आणि ते एकूण गुणांत धरायचं नाही. यामुळे मुलांवरचा ताण कमी झाला. पण मूल कुठून कुठे आलं, हे श्रेणीतून तेव्हाही कळत नव्हतं. गुण काढून टाकले म्हणजे न्याय झाला, असं नाही.

'प्रगती समाधानकारक' म्हणजे काय?

आता वर्णनात्मक नोंदींकडे येऊ. नियमाने जागा दिली आहे, पण तिथे बऱ्याचदा ठरलेली वाक्यं येतात. 'वाचन चांगले करतो.' 'प्रगती समाधानकारक.' 'अभ्यासात सातत्य हवे.' अशा तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या मोबाईलवर फिरतात. ही वाक्यं कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालतात, म्हणून त्यातून कोणाबद्दलच काही कळत नाही.

दोष फक्त शिक्षकांचा नाही. वर्गात 30 मुलं आणि सात विषय धरले तर एका वेळच्या नोंदी 210 होतात. दोन शिक्षकी शाळेत पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं सांभाळून 210 वेगवेगळी वाक्यं लिहायची, ही अपेक्षा सोपी नाही.

पण ही नोंद महत्त्वाची का, हे एका जुन्या प्रयोगातून कळतं. 1988 मध्ये इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी मुलांचे तीन गट पाहिले. एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त कामाबद्दलचा शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या गटात. गुण आणि शेरा एकत्र दिला, तेव्हा शेऱ्याचा फायदा दिसला नाही. मुलांचं लक्ष आधी गुणांकडे जातं आणि शेरा मागे पडतो.

यावर व्यवहारी मार्ग निघू शकतो. सगळ्या विषयांच्या लांबलचक नोंदींऐवजी भाषेत दर सत्राला एकच नेमकं वाक्य, तीन भागांचं: आधी कुठे, आता कुठे, पुढे काय. आणि वर्षातल्या काही वह्या गुण न देता फक्त शेरा लिहून परत द्यायच्या.

श्रेणी खरी असणं का गरजेचं आहे?

'कशाला पोराला नाराज करायचं? देऊन टाका बरी श्रेणी.' हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्याची किंमत पुढे मुलालाच मोजावी लागते.

2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने 2023-24 पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. पाचवीला प्रत्येक विषयाची 50 गुणांची, आठवीला 60 गुणांची. उत्तीर्ण व्हायला किमान 35 टक्के गुण लागतात. कमी पडले तर जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात थांबावं लागतं.

म्हणजे चौथीपर्यंत मेहनतीच्या नावाखाली फुगवलेली श्रेणी पाचवीत उघडी पडते. तोपर्यंत मदतीचं एक वर्ष हातातून गेलेलं असतं. खरी श्रेणी कठोर वाटते, पण तिच्यामुळेच मुलाला वेळेत मदत मिळते. आणि तिच्या शेजारी वाढीची नोंद असेल, तर ती श्रेणी मुलाला खचवत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधलं 'समग्र प्रगतीपत्रक' याच दिशेने जातं. त्यात शिक्षकांसोबत मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल सांगणं अपेक्षित आहे. मात्र कागद नवीन आणि वाक्यं जुनीच राहिली, तर फरक पडणार नाही.

पालकांनी शाळेत काय विचारावं?

निकाल हातात आल्यावर 'किती पडले?' याऐवजी हे चार प्रश्न विचारता येतात:

1. वर्षाच्या सुरुवातीला माझं मूल काय वाचू-लिहू शकत होतं आणि आता काय?
2. सुरुवातीची आणि आताची वही दाखवता का?
3. ही श्रेणी कशावरून आली? लेखी, तोंडी आणि वर्गकाम यांचा वाटा किती?
4. पुढच्या दोन महिन्यांत घरी नेमकं काय करून घेऊ?

ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, तेही दुसरा प्रश्न विचारू शकतात. दोन पानांतला फरक बघायला अक्षरओळख लागत नाही. आणि निकष आधी जाहीर करा, हा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडता येतो. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत, असं कायदा सांगतो.

तर त्या दोन मुलांचं काय?

प्रगतीपत्रक तेच ठेवलं, श्रेणीही तीच ठेवली, फक्त नोंदीचा रकाना नीट भरला तर काय दिसेल?

मुलाच्या पत्रकावर: 'मराठी: क-2. जूनमध्ये अक्षरं आणि साधे शब्द वाचत होता. आता परिच्छेद वाचतो, चार वाक्यं मनाने लिहितो. चुका स्वतः दुरुस्त करतो. जोडाक्षरं अजून अडतात. सुट्टीत रोज एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचून घ्यावी.'

मुलीच्या पत्रकावर: 'मराठी: अ-2. वाचन जूनपासूनच उत्तम. लेखनात वर्षभरात फारसा बदल नाही. दिलेलं काम पूर्ण करते, पण पुन्हा लिहायचा कंटाळा करते. आता मोठी पुस्तकं आणि स्वतःच्या मनाने लिहिणं हवं.'

गुण कोणाचेच बदलले नाहीत. कोणावर मेहरबानी नाही, कोणावर अन्याय नाही. पण मुलाच्या घरी आता 'डोकं चालत नाही' असं म्हणायला जागा उरत नाही. आणि 'अ-2' पाहून निश्चिंत झालेल्या मुलीच्या घरी पहिल्यांदाच कळतं की त्यांची लेक वर्षभर जवळपास जिथल्या तिथेच उभी होती.